होणाऱ्या अंगाचं माप

माफी आधीच मागून ठेवते. माझं अक्षर फार वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. इतकी वर्षं मी वहीत फक्त मापं लिहिली. छाती, कंबर, मुंढा, बाही, आणि पुढे आकडा. माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की हात अडतो. मापाच्या जुन्या वहीत मागची काही पानं कोरी राहिली आहेत, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. पण चुकून कोणाच्या हाती गेलंच, तर त्याने माझ्या अक्षराला हसावं, इंदूबाईंना हसू नये.

बूढापाऱ्यातल्या एका बोळात इंदूबाईंच्या घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. दोन मशिनी, कापायचा लांब टेबल, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात माप घ्यायला पडदा. बाहेर दिवसभर स्कूटरींचे भोंगे. बाई विधवा, मूलबाळ नाही, घराणं भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात. मी लग्न होऊन गोंदियाकडच्या खेड्यातून आलेली, नवरा उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये. मला तोंड वर करून बोलता येत नसे. पहिल्या दिवशी बाईंनी मला वही-पेन्सिल दिली आणि पडद्याच्या अलीकडे बसवलं. पलीकडून त्यांचा आवाज आला, "छाती बेचाळीस! लिही." आवाज एवढा मोठा की बाहेर पानठेल्यावर उभ्या माणसाने वळून पाहिलं.

आतली बाई कळवळून म्हणाली, "दीदी, धीरे बोलो ना."

"काहून? चोरून आणली का? तुझीच आहे ना? कंबर एकोणचाळीस! लिही, सुमन."

ही त्यांची रोजची रीत होती. टेप लावला की आकडा मोठ्याने सांगायचा. बायका लाजायच्या, चिडायच्या, काही तर परत यायच्या नाहीत. बाई म्हणायच्या, "हळू सांगितलं की आकडा बदलते. बाई म्हणते, दीदी, दोन इंच कमी लिहा. मग ब्लाउज काखेत फाटला की माझ्या नावानं बोंबलते."

त्यांचा दुसरा शब्द होता 'शी'. नाक आक्रसून, ओठ खाली ओढून, अगदी मनापासून म्हणायच्या. मला वाटलं होतं, शिवणाचं काम करणाऱ्या बाईला बायकांच्या अंगाची किळस येत असेल. मला यायची. वैशाखात रायपूर कसं तापतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. बायका घामाने निथळत यायच्या. नमुन्याला आणलेल्या ब्लाउजच्या काखा पिवळ्या, पावडरचा लगदा झालेला, वास असा की मी ते दोन बोटांच्या चिमटीत धरायची. बाई मात्र तो ब्लाउज उलटा करून शिवण डोळ्याशी धरायच्या. एका लठ्ठ बाईच्या छातीखाली घामोळ्याने साल निघाली होती, तर बाईंनी टेप बाजूला ठेवून आधी तिला खोबरेल लावून दिलं आणि सांगितलं, "सुती वापर, पोरी. हे नायलॉन फेक." मी तोंड फिरवलं ते त्यांनी पाहिलं. ती गेल्यावर म्हणाल्या, "अंगाची काहून किळस येते तुले? अंग काही करून राहिलं का तुले? किळस यायची तर दुसऱ्या गोष्टी लय आहेत."

त्या दुसऱ्या गोष्टी मला पुढे दिसल्या. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भोपाळहून साहेब लोक बदलून आले. त्यांच्या बायका आल्या. नव्या कॉलन्या उठल्या. आणि जिकडेतिकडे वजन कमी करायच्या सेंटरच्या पाट्या लागल्या. एका बाजूला लठ्ठ बाईचा फोटो, दुसऱ्या बाजूला बारीक बाईचा. बाई म्हणायच्या त्या दोघी बहिणीसुद्धा नाहीत. बायका कोणी भोपळ्याचा रस प्यायच्या, कोणी पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालायच्या, कोणी डब्यातली पावडर पाण्यात ढवळून जेवणाऐवजी घ्यायच्या. आणि आमच्या दुकानात येऊन नवीनच काही मागायला लागल्या. आजचं माप घेऊ नका, दोन महिन्यांनी मी बारीक होणार आहे, त्या मापाचं शिवा.

सदर बाजारातली एक सोनारीण होती, तिने तर पैसे आधीच टेबलावर ठेवले. "दीदी, चालीस का मत सिलो. छत्तीस का सिलो. सेंटरवालों ने लिखके दिया है."

"शी!" बाई म्हणाल्या. "मी आजच्या अंगाचं शिवते. उद्याचं अंग घेऊन उद्या ये."

"अरे, पर फिर वो ढीला हो जाएगा ना!"

"होऊ दे ना. सैल करायला आत मार्जिनचं कापड लागते, घट्ट करायला काही लागत नाही. पंधरा मिनिटांत घट्ट करून देईन, फुकट. तू बारीक तर होऊन ये."

ती फुकट घट्ट करून घ्यायला कधी आली नाही. तीन महिन्यांनी सैल करून घ्यायला आली. बाईंनी मोठ्याने आकडा सांगितला, "एक्केचाळीस! लिही."

बाई वजनाच्या विरुद्ध होत्या असं कोणी समजू नये. त्या स्वतः जाड होत्या आणि त्यांना साखरेचा आजार निघाला होता, पायाची एक जखम भरत नव्हती. डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलं. त्यांनी भात अर्धा केला, चहातली साखर सोडली, आणि रोज सकाळी बूढा तलावाला दोन फेऱ्या घालायला लागल्या. दीड वर्ष. एकदा त्यांनी स्वतःचा ब्लाउज काढून उलटा करून माझ्यासमोर धरलं. बाजूच्या शिवणीत एकाशेजारी एक तीन ओळी होत्या.

"ही पहिली, ही दुसरी, ही तिसरी. एकेका शिवणीले सहा-सहा महिने लागले. एका शिवणीत अर्धा इंच. समजलं?"

"आणि ही भोकं कसली?" मी विचारलं. तिसऱ्या शिवणीचे टाके एकदा उसवून पुन्हा घातलेले दिसत होते.

"दिवाळी," बाई म्हणाल्या. "अनारसे मीच केले, मीच खाल्ले. उसवली. मग होळीले परत घातली. असंच असते ते, सुमन. एक पाऊल पुढं, एखादं मागं. सरळ उतरते म्हणून सांगणारा खोटारडा आहे."

सहा किलो उतरले त्यांचे दीड वर्षात. गल्लीत कोणाला कळलंसुद्धा नाही. पण जिना चढताना दम लागायचा थांबला आणि पायाची जखम भरून आली. तेवढ्यावर त्या खूश होत्या.

आता माझं सांगायचं आलं. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण लिहायचं ठरवलं तर हेही लिहिलं पाहिजे.

बाई भाच्याच्या मुलाच्या बारशाला चार दिवस नागपूरला गेल्या. दुकान माझ्यावर. टेप पहिल्यांदाच माझ्या हाती. दुसऱ्या दिवशी पाठकबाई आल्या. त्यांचे मिस्टर मंत्रालयात, भोपाळहून आलेले. सोबत मुलगी पल्लवी, दोन महिन्यांवर लग्न. मुलाकडच्यांनी सीमांतपूजनासाठी कोसाच्या रेशमाची साडी दिली होती, मधासारख्या रंगाची, काठ लाल. ब्लाउजपीस साडीतच विणलेला, म्हणजे दुसरा मिळायचा नाही.

मी पडद्याआड पल्लवीला टेप लावला. एक्केचाळीस. माझ्या तोंडून आकडा निघेना. मी नुसता टेप धरून उभी राहिले.

पाठकबाईंनी पडदा सरकवून आत डोकं घातलं. "ते राहू दे. छत्तीस लिही. ती सेंटरला जाते, दो महीने में पंधरा किलो, गॅरंटी आहे. पूर्ण पैसे भरलेत आम्ही."

"बाई आल्यावर..." मी म्हणाले.

"बाई येईपर्यंत थांबायला वेळ नाही मला. तू टेलर आहेस ना? मग लिही. आणि आत ते कापड भरमसाट सोडू नको, बगल में मोटा दिखता है."

पल्लवी आरशाकडे पाठ करून उभी होती. तिने मला हळूच विचारलं, "आंटी, हो जाएगा ना?" मी मान हलवली. कशाला हलवली, देव जाणे. नाही म्हणायला धीर लागतो, तो माझ्यात नव्हता. मी वहीत छत्तीस लिहिलं, पाठकबाईंच्या समोरच कापलं, आणि कडेला बोटभरसुद्धा मार्जिन ठेवलं नाही. छाटलेल्या पट्ट्या झाडून केराच्या डब्यात टाकल्या.

बाई परत आल्या. वही चाळली. त्यांनी छत्तीस पाहिलं आणि विचारलं, "माप तूच घेतलं ना?"

"हो."

ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. असं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

महिनाभराने पल्लवी दुसऱ्या साडीला फॉल लावायला आली, आईबरोबरच. गाल बसलेले, ओठ पांढरे, विंचरताना मूठभर केस जातात म्हणाली. दुकानात पाऊल टाकलं आणि तिला भडभडून उलटी झाली. हिरवट, आंबूस, त्या पावडरची. टेबलाचा पाय, फरशी, माझी साडी, सगळं भरलं. पाठकबाई नाकाला पदर लावून दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी तशीच थिजले. इंदूबाईंनी पोरीचं कपाळ धरलं, पाठ चोळली, मग बादली-फडकं आणून स्वतः गुडघ्यावर बसून सगळं पुसलं. तोंडावर एक आठी नाही.

"काय खाते तू?"

"पावडर. दो टाइम. और शाम को ककडी."

"अन् किती उतरलं?"

"तीन किलो," पल्लवी रडवेली होऊन म्हणाली. "पंद्रह बोले थे."

"तीन? पोरी, लय झाले! महिन्यात तीन म्हणजे लय झाले."

"काय लय?" पाठकबाई दारातूनच म्हणाल्या. "पैसे पंधराचे भरलेत. सेंटरवाली म्हणते, हिचंच मन नाही. चोरून खात असेल."

तेव्हा इंदूबाईंनी हातातलं फडकं बादलीत टाकलं आणि पाठकबाईंकडे पाहून 'शी' म्हणाल्या. एवढी उलटी पुसताना म्हणाल्या नव्हत्या.

मी तिथेच होते. बोलायची वेळ ती होती. कोसाचा ब्लाउज माझ्या मागे हँगरवर लटकत होता, छत्तीसचा. मी बोलले नाही. उलटीने भरलेली साडी धुवायला मागे न्हाणीत गेले आणि लागल्यापेक्षा जास्त वेळ धुत बसले.

सीमांतपूजनाच्या दिवशी सकाळी अकराला पाठकबाई पल्लवीला ओढतच घेऊन आल्या. ब्लाउज अंगात जात होता, पण पुढे हुकांच्या जागी चार बोटं फट. पल्लवीचे चार किलो गेले होते. खरोखर गेले होते. भुकेने, केस गळून, उलट्या काढून का होईना, दोन महिन्यांत चार किलो. त्याचं कोणी नाव घेत नव्हतं. सगळे राहिलेल्या अकरा किलोंबद्दल तिला बोलत होते.

इंदूबाईंनी टेप लावला. आकडा मोठ्याने म्हणाल्या नाहीत. पहिल्यांदाच हळू म्हणाल्या, "चाळीस." मग वही उघडली, माझं अक्षर पाहिलं. "तेव्हा किती होतं?"

"एक्केचाळीस," मी म्हणाले.

"अन् लिहिलं छत्तीस."

माझ्याकडे त्यांनी जसं पाहिलं तसं पाहणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. 'शी' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ब्लाउज उसवायला घेतला. आत सोडवायला काही नव्हतं. मग त्यांनी साडी मागितली, तिचं आतलं टोक, जे निऱ्यांच्या आत खोचलं जातं, त्यातून वीतभर कापड कापलं आणि दोन्ही काखांखाली पट्ट्या जोडल्या. दुपारी तीनला ब्लाउज पल्लवीच्या अंगात नीट बसला. तिने आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा खांदे खाली सोडले.

"सुंदर दिसते पोरगी," बाई म्हणाल्या. "जा. अन् आज पोटभर जेव."

पाठकबाई मात्र लग्न झाल्यावर आठ दिवसांनी परत आल्या. मुलाकडच्यांनी दिलेली साडी कापली, त्याची भरपाई पाहिजे. साडेचार हजार. सेंटरकडून पैसे परत मिळाले नव्हते, गॅरंटीच्या कागदाच्या मागे बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं म्हणे. तिथे भांडायचं सोडून त्या इथे आल्या होत्या. इंदूबाई आत गेल्या, कपाटातून पैसे आणले आणि टेबलावर ठेवले. पाठकबाईंनी ते थुंकी लावून तीन-तीनदा मोजले.

त्या गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "हे पैसे तू मले देशील."

"हो बाई. मी मंगळसूत्राचे मणी..."

"शी! मणी कोण मागून राहिलं तुले? महिन्याला दीडशे. कापडाचे नाही हे पैसे, सुमन. कापड चुकते, माझ्या हातूनही चुकलं आहे. तू टेप पाहिला अन् दुसरंच लिहिलं. त्या पोरीले पाहून मान हलवली, सांगितलं तिनं मले. तिनं त्या छत्तीससाठी दोन महिने ओकून काढले." मग त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलाच्या खणात ठेवला. "माप तू घ्यायचं नाही. काज-हुक कर, हातशिलाई कर."

दोन वर्षं मी काज-हुक केले. दर महिन्याच्या एक तारखेला दीडशे रुपये द्यायची. सुरुवातीला मला फार घाई होती. घरी मुलीचं एकवेळचं दूध बंद केलं, नवऱ्याला न सांगता रात्रीची भाजी कमी केली आणि दुसऱ्या महिन्यात चारशे घेऊन गेले. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कुठून आणले?"

मी सांगितलं.

"शी. अन् पुढच्या महिन्यात काय देशील? काहीच नाही. मग लाजून कामावरच येणार नाही." त्यांनी दीडशे घेतले, अडीचशे परत दिले. "दूध चालू कर. लवकर फेडतो म्हणणारे मले चांगले माहीत आहेत."

त्या दोन वर्षांत त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. दुपारी डब्यातली भाजी द्यायच्या, नवऱ्याचा हात मिलमध्ये भाजला तेव्हा दवाखान्यात सोबत बसल्या. पण माप घेताना पडद्याआड स्वतः जायच्या, आकडा सांगायच्या, बाहेर येऊन स्वतःच लिहायच्या. त्यांच्या पाठीकडे पाहत मी हुक लावत बसायची.

मग त्या बारीक व्हायला लागल्या. आधी मला बरं वाटलं. महिनाभरात ब्लाउज खांद्यावरून उतरू लागला, तेव्हा बरं वाटायचं थांबलं. जेवण जात नव्हतं, पाठीत दुखायचं, डोळे पिवळे झाले. डॉक्टरने पोटात गाठ सांगितली. आणि गल्लीतल्या, बाजारातल्या बायका! कोणी डोळ्यांकडे पाहिलं नाही, कोणी पिवळ्या नखांकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी कंबर पाहिली.

"दीदी, एकदम स्लिम! दहा साल छोटी लग रही हो."

"इंदूताई, काय करून राहिल्या हो? आम्हालेही सांगा ना!"

ती सोनारीण दुकानात येऊन टाळ्या वाजवत म्हणाली, "दीदी, आप तो बोलती थीं इतनी जल्दी नहीं होता! कौन सा सेंटर? मुझसे मत छुपाओ."

बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मरून राहिली मी, वो. तुले पाहिजे का?"

सोनारीण हसली. तिला थट्टा वाटली. हसत हसत म्हणाली, "आप भी ना, दीदी!" मला तिचा चेहरा अजून आठवतो, लिपस्टिक लावलेला, आनंदाने भरलेला, आणि किळस म्हणजे काय ते तेव्हा मला नीट समजलं. आंबूस ओकारीची किळस काहीच नाही त्यापुढे.

ती गेल्यावर बाईंनी दार लोटायला सांगितलं. गळ्यातला टेप काढून माझ्यापुढे धरला. "घे. माझं माप घे. सगळे ब्लाउज अंगावर लोंबून राहिले."

मी टेप हातात घेतला. त्यांनी हात वर केले. बरगड्या हाताला लागल्या. आमच्या वहीत त्यांचं चव्वेचाळीस लिहिलेलं होतं. भाचा फोनवर म्हणायचा, मावशी, थोडी अशक्तता आहे, जाईल. डॉक्टर म्हणायचा, बघू. शेजारीण म्हणायची, तब्येत सुधारली. मी टेप पुन्हा एकदा लावून पाहिला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे आकडा पुसट दिसत होता.

"सांग ना," बाई म्हणाल्या.

"पस्तीस," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की माझी मीच दचकले.

बाईंनी हात खाली घेतले. "चार महिन्यांत नऊ इंच," त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलं. मले वाटतच होतं. लिही."

मी लिहिलं. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांची मापं मी घेऊ लागले. बाईंनी तसं वेगळं काही सांगितलं नाही, टेप परत मागितला नाही, एवढंच. पडद्याआडून मी आकडा सांगायची आणि मागच्या खोलीत खाटेवर पडलेल्या बाईंना तो ऐकू जायचा. एकदा मी जरा दबकत सांगितला, तर आतून आवाज आला, "किती? काहून पुटपुटून राहिली?"

सहा हप्ते उरले होते तेव्हा नवऱ्याला मिलमधून बोनस मिळाला. मी नऊशे रुपये घेऊन बाईंच्या खाटेशी गेले. मनात काय होतं ते तोंडाने बोलायचं नव्हतं, पण त्या समजल्या.

"मी मरणार म्हणून घाई करून राहिली का?"

मी पैसे खाटेच्या कडेला ठेवले.

"शी, सुमन. दीडशे ठेव. बाकीचे घेऊन जा. तुह्या पोट्टीच्या शाळेची फी भर."

"पण बाई, राहिले तर..."

"राहिले तर तुह्या अंगावर राहतील. मी काय करू? सांगितल्या दिवशी द्यायचे. मले आता कशाचीच घाई नाही, वो. घाईनं काय होते ते पाहून राहिली ना तू माझ्याकडे?"

त्यानंतर पाच महिने मी रोज सकाळी बूढापाऱ्याच्या बोळात शिरताना आधी त्यांच्या खिडकीकडे बघायची. खिडकी उघडी दिसली की श्वास सोडायची. लग्नसराई होती, काम भरपूर होतं. पुन्हा बायका होणाऱ्या अंगाचं माप घेऊन यायच्या, आणि मला अजून तोंड वर करून बोलणं जमत नव्हतं, पण तेवढं एक वाक्य जमायला लागलं, "मी आजच्या अंगाचं शिवते." काही बायका चिडून गेल्या. एक म्हणाली, "बुढिया की तरह तू भी शुरू हो गई?" जाऊ देत.

शेवटच्या महिन्यात भाचा नागपूरहून येऊन राहिला होता. बाईंच्या अंगावर नुसती चादर. ब्लाउज घालायचं त्यांनी सोडलं होतं, टोचतं म्हणायच्या. अंगाला औषधाचा आणि झोपून राहिल्याचा वास. मी त्यांची पाठ पुसून द्यायची, पावडर लावायची. मला किळस आली नाही. यायची ती कुठे गेली, कळलं नाही.

एक तारखेला सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी गेले. बाई जाग्या होत्या. मी पदराच्या गाठीतून पैसे काढले. भाचा खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "अहो, राहू द्या आता. मावशी, जाऊ दे ना. गरीब बाई आहे बिचारी."

बाईंनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. आवाज अगदी बारीक झाला होता, पण नाक तसंच आक्रसलं.

"गरीब काहून म्हणतो तिले? देणेकरी होती. आता तेही नाही."

आणि चादरीतून हात बाहेर काढला. मी त्या हातावर दीडशे रुपये ठेवले. पैसे पूर्ण फिटले.